आधी रिकामी तागडी उचला

आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका पोरानं परवा उपासनेनंतर मला गाठलं. नुकताच बी.एस्सी. झालाय, डोकं चांगलं चालतं. म्हणाला, "काका, पाळकांच्या संदेशात दरवेळी ऐकतो, देवापुढं नम्र व्हा, पश्चात्ताप करा. पण करायचा म्हणजे नेमकं काय करायचं? बसायचं कुठं? बोलायचं काय?"

प्रश्न रास्त होता. चाळीस वर्षं मंडळीत बसून मीसुद्धा तो कुणाला विचारला नव्हता. त्याला म्हटलं, लिहून देतो.

मी पाळक नाही, धर्मशास्त्र शिकलेलो नाही. जालना जिल्ह्यातल्या एका बाजाराच्या गावात पंचवीसहून जास्त वर्षं भुसार माल घेतला. सोमवारच्या आठवडी बाजारात बाया ओच्यात, पिशवीत, फार तर डोक्यावरच्या गाठोड्यात मूग, उडीद, तीळ, करडई आणायच्या, मी तोलून घ्यायचो. मला जे सांगता येईल ते तागडीच्या भाषेतच.

दोन पारड्यांत मुळातच जो फरक असतो त्याला पासंग म्हणतात, हे आता नव्या पोरांना सांगावं लागतं. "तो त्याच्या पासंगालाही पुरणार नाही" एवढंच वाक्य उरलंय, वस्तू गेली. माझ्या तागडीला पासंग होता आणि तो मी लावलेला होता. मी माल घेणारा. एका पारड्यात माझं पाच किलोचं वजन, दुसऱ्यात बाईचे मूग. वजनाच्या पारड्याच्या बुडाला मी डांबराचा थापा चिकटवला होता, त्यात एक लोखंडी नट दाबलेला. मिळून पन्नास ग्रॅम. क्विंटल भरायला वीस वेळा तोलावं लागतं, म्हणजे क्विंटलमागं एक किलो फुकट. तागडी-वजनं सरकारी तपासणीला न्यायच्या दिवशी काढायचं, संध्याकाळी परत लावायचं. एक खबरदारी मात्र कायम घेतली. रिकामी तागडी मी कधी लोंबू दिली नाही. मूठ उचलायच्या आधी पारड्यात माल पडलेला असायचा.

कुणी मला पकडलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. मंडळीपुढं साक्ष देताना लोक पकडले गेल्याची गोष्ट रंगवून सांगतात, तसं माझ्या बाबतीत काही झालं नाही.

२०१२ साल होतं. पाऊस दगा देऊन गेलेला, पुढच्या उन्हाळ्यात मोसंबीच्या बागा वाळल्या, लोकांनी झाडं तोडून सरपण केलं. पण त्याच्या आधी, नोव्हेंबरात, आमचा कापणीचा सण झाला. लोकांनी जे होतं ते देवाला वाहायला आणलं: बाजरी, मूग, दोन-चार भोपळे, एक कोंबडी. उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो, म्हणून धान्य तोलायला तागडी माझी. मी मंडळीचा खजिनदार होतो. आदल्या रात्री अंगणात बसून मी खिळ्यानं डांबर खरवडत होतो, कारण देवाच्या धान्याला खोटी तागडी कशी लावायची? अर्धं खरवडून झालं आणि हात थांबला. देवाच्या मुगाला तागडी खरी, आणि सोमवारी येणाऱ्या म्हातारीच्या मुगाला खोटी. म्हणजे मी देवाला ओळखत होतो, भीतही होतो. फक्त त्याला सोमवारी बाजारात येऊ देत नव्हतो.

यापुढं लिहायला लाज वाटते, पण लिहितो. सण झाला, लिलाव झाला, आणि सोमवारी सकाळी मी डांबर परत लावलं.

तर त्या पोराच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर हे: वाईट वाटणं म्हणजे पश्चात्ताप नव्हे. त्या रात्री मला वाईट वाटलं होतं, चांगलंच वाटलं होतं. आपला मराठी शब्द थोडा फसवतो. पश्चात् म्हणजे मागाहून आणि ताप म्हणजे पोळणं. आपण त्या पोळण्यापाशीच थांबतो. बायबलच्या जुन्या करारातला इब्री (हिब्रू) शब्द आहे शूब, म्हणजे मागं वळणं, परत येणं. नव्या करारातला ग्रीक शब्द मेटानोइया, म्हणजे मन पालटणं. जालन्याहून अंबडला निघालेला माणूस देऊळगावराजाच्या गाडीत बसला आणि चूक कळल्यावर खिडकीपाशी बसून रडू लागला, तर गाडी काही अंबडला जात नाही. उतरावं लागतं. भर उन्हात फाट्यावर उभं राहून परतीची गाडी धरावी लागते.

आता बसायचं कुठं. कुठंही, पण एकटं, आणि दार लावून. मी दुकानाच्या मागच्या खोलीत पोत्यावर बसायचो. गुडघे टेकता येत असतील तर टेका, माझे दुखतात. अर्धा तास ठेवा आणि पहिली दहा मिनिटं काही बोलू नका. बायबलातल्या १३९ व्या स्तोत्राच्या शेवटी दावीद राजा देवाला म्हणतो, मला पारख, माझं अंतःकरण जाण, माझ्यात काही वाईट वाट आहे का बघ. तेवढंच मागायचं. यालाच मी रिकामी तागडी उचलणं म्हणतो. तागडीत माल असला की खोट दिसत नाही. माल म्हणजे आपण देवापुढं टाकतो ते सगळं: मी खजिनदार, मी दशांश (कमाईचा दहावा हिस्सा) देतो, माझा बाप बाप्तिस्म्यासाठी घर सोडून आला, मी इतक्या लोकांना मदत केली. ते सगळं उतरवायचं आणि मूठ धरून नुसती उचलायची. कुठल्या बाजूला कलते ते बघायचं. दानीएलच्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात बेलशस्सर राजाच्या भिंतीवर बोटांनी लिहिलं गेलं त्यात एक शब्द 'तकेल' होता, तू तागडीत तोलला गेलास आणि उणा भरलास. ते वाचताना मी नेहमी घाईनं पान उलटायचो.

नम्रता म्हणजे मला तरी एवढंच कळलं. मान खाली घालून हळू बोलणं नव्हे. आमच्याकडं काही जण प्रार्थनेत "हे प्रभू, आम्ही नालायक, आम्ही धूळ, आम्ही कीटक" असं लांबवतात आणि बाहेर आल्यावर चपलेवरून भांडतात. आपलं जे खरं वजन आहे, जास्त नाही आणि कमीही नाही, ते देवाला बघू द्यायचं.

मग बोलायचं काय. इथं बहुतेकांची गाडी अडते, म्हणून इथं जरा थांबतो. पाप त्याच्या बाजारातल्या नावानं बोलायचं. मी कितीतरी दिवस "प्रभू, व्यवसायात माझ्याकडून काही चुका झाल्या असतील तर क्षमा कर" असं म्हणत होतो. हे वाक्य नीट बघा. 'माझ्याकडून झाल्या', म्हणजे मी केल्या नाहीत. 'काही', म्हणजे मोजायच्या नाहीत. 'असतील तर', म्हणजे कदाचित नसतीलही. वकिलानं लिहून दिल्यासारखं वाक्य. ज्या दिवशी तोंडातून निघालं, "देवा, मी काटा मारला, पंचवीस वर्षं मारला, विधवा बायांच्या मुगात मारला", त्या दिवशी पोत्यावरून उठायला मला वेळ लागला.

दोन राजांची तुलना करा. शत्रूचं काही राखू नको ही देवाची आज्ञा मोडली म्हणून शमुवेल संदेष्ट्यानं शौल राजाला धरलं तेव्हा शौल आधी म्हणाला, लोकांनी मेंढरं आणली, तीही देवाला अर्पण करायला. मग शेवटी म्हणाला, मी पाप केलंय, तरी माझ्या लोकांच्या वडीलधाऱ्यांसमोर माझा मान राख. पहिल्या शमुवेलाच्या पंधराव्या अध्यायात आहे. नाथान संदेष्ट्यानं दावीदाला धरलं तेव्हा दावीद म्हणाला, मी परमेश्वराविरुद्ध पाप केलंय. इब्रीत हे वाक्य दोनच शब्दांचं आहे. दावीदाचं पाप, व्यभिचार आणि खून, खरं तर शौलाच्या पापाहून घाण होतं. पण त्याच्या वाक्याला शेपूट नव्हतं. तुमच्या प्रार्थनेत 'पण', 'तरी', 'असेल तर' कुठं येतं ते शोधा. तिथंच डांबर असतं. ५१ वं स्तोत्र, दावीदाचं पश्चात्तापाचं, मग वाचा, आधी नाही. आधी वाचलं तर त्या सुंदर शब्दांच्या आड लपता येतं.

यानंतर एका माणसाला सांगायचं. एकालाच. याकोबाच्या पत्रात एकमेकांजवळ पापं कबूल करा असं आहे. कॅथलिक भावंडांकडं यासाठी पापनिवेदनाचा संस्कारच आहे, आणि ऐकलेलं बाहेर न्यायला धर्मगुरूंना सक्त बंदी. आपल्याकडं तशी रीत नाही, म्हणून माणूस जपून निवडा. मी आमच्या पाळकसाहेबांकडं गेलो. ते वयानं माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, त्यांच्या पगाराचा हिशेब मी करायचो. त्यांच्यासमोर खुर्चीत बसून "साहेब, मी काटा मारतो" म्हणणं मला देवासमोर म्हणण्यापेक्षा जड गेलं. यावरून माझा देवावर किती विश्वास होता ते कळतं. हे झालं राखेच्या बुधवारी, लेंट या उपासकाळाच्या पहिल्या दिवशी, १३ फेब्रुवारी २०१३ ला. म्हणजे सणाच्या रात्रीपासून तीन महिने गेले होते.

मला वाटलं होतं ते खांद्यावर हात ठेवून प्रार्थना करतील. त्यांनी विचारलं, "डांबर आत्ता कुठंय?"

मी म्हटलं, तागडीला.

"मग आधी ते काढून या. मी बसलोय."

मी सायकल काढून घरी गेलो, खरवडलं, कागदात बांधून आणून त्यांच्या टेबलावर ठेवलं. मग त्यांनी प्रार्थना केली. मी खजिनदारपद सोडतो म्हणालो, पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर उभा राहून सांगतो म्हणालो. ते म्हणाले, "पद सोडा, पण मुकाट्यानं. उभं राहायचं असेल तर बायांसमोर राहा. मंडळीचे मूग तुम्ही खाल्ले नाहीत." तेव्हा राग आला. मला साक्ष द्यायची होती, लोकांनी रुमाल काढावेत असं कुठंतरी मनात होतं.

ईस्टरआधीच्या या लेंटच्या चाळीस दिवसांत काय सोडायचं हा आमच्यात दरवर्षी चर्चेचा विषय. कुणी मटण सोडतं, कुणी चहा. उपास धरा, चांगला असतो. फक्त मत्तयाच्या सहाव्या अध्यायातलं ध्यानात ठेवा, तोंड धुवा, डोक्याला तेल लावा, उपाशी दिसू नका. मी त्या वर्षी मटण सोडलं नाही. सोमवारचे लोक शोधायला निघालो.

परतफेडीचा हिशेब असा लावायचा. नियमशास्त्रात, गणना या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात, ज्याचं घेतलं त्याला मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा द्यायला सांगितलंय. जक्कय जकातदार येशूला म्हणाला, कुणाचं फसवून घेतलं असेल तर चौपट देतो. मी दोन्ही आकडे कागदावर मांडले आणि पाचवा हिस्सा निवडला. स्वस्त पडत होता. पाळकसाहेब काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. बाजाराच्या खरेदीची वही नव्हती, फक्त उचल घेणाऱ्यांची होती. आठवून आठवून एकतीस नावं निघाली. उदाहरणार्थ एक म्हातारी: वर्षाला साधारण पन्नास किलो माल, आठ वर्षं, म्हणजे चार क्विंटल. क्विंटलमागं किलो, म्हणजे चार किलो. मुगाचा भाव पन्नास धरला तर दोनशे रुपये, वर पाचवा हिस्सा चाळीस. दोनशे चाळीस.

रक्कम बघितली आणि जीव आणखी बसला. लाखाची फसवणूक असती तर काहीतरी नाट्य असतं. दोनशे चाळीस रुपये घेऊन कुणाच्या दारात जायचं, आणि सांगायचं की एवढ्यासाठी मी तुमच्याशी आठ वर्षं लबाडी केली?

म्हातारी दारात पाण्याच्या टाकीजवळ बसली होती, टँकरची वाट बघत. मी सांगितलं. पैसे पुढं केले. तिनं मोजले, कमरेच्या पिशवीत ठेवले आणि म्हणाली, "मला ठावं व्हतं रं. समदेच मारतेत. तू जरा कमी मारायचास, म्हनून तुझ्याकडं यायचे."

याच्यावर काय बोलणार? तिनं माफ केलं म्हणावं तर तसं काही म्हणाली नाही. चहा मात्र टाकला. पाणी विकतचं असताना.

सगळीकडं चहा मिळत नाही, हेही लिहून ठेवतो. एकानं शिव्या दिल्या, त्या मी ऐकून घेतल्या. दुसरा म्हणाला, तुझा हिशेब खोटा आहे, साठ रुपये अजून निघतात. आणि मी, पश्चात्ताप करायला गेलेला माणूस, त्याच्या ओट्यावर साठ रुपयांसाठी तावातावानं भांडलो. माझं गणित बरोबर होतं! घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "अहो, पंचवीस वर्षं तुमचंच गणित बरोबर होतं." दुसऱ्या दिवशी साठ रुपये देऊन आलो. गेलेल्या सगळ्या दारांत जड ते गेलं.

जे मेले त्यांच्या वारसांना द्या. वारसही सापडत नसेल तर तो पैसा स्वतःच्या खिशात ठेवायचा नाही, गणनेतल्या त्याच अध्यायात तो परमेश्वराचा म्हणून याजकाला द्यायला सांगितलाय. मी दानपेटीत टाकला, पावती न घेता. पावतीची सवय मला फार होती.

आता एक धोक्याची जागा. परतफेड करणारा माणूस हळूच समजू लागतो की आपण देवाचंही देणं फेडलं. तसं नसतं. येशूला धरून देणाऱ्या यहूदानं त्याबद्दल घेतलेले तीस रुपये परत केले होते की! मत्तयाच्या सत्ताविसाव्या अध्यायात बघा. त्याला वाईट वाटलं, 'मी पाप केलंय' हे त्यानं याजकांपुढं उघड कबूल केलं, पैसे मंदिरात टाकले. मी सांगितलेलं जवळजवळ सगळं त्यानं केलं. फक्त ज्याला विकलं त्याच्याकडं तो गेला नाही. येशूचा शिष्य पेत्र, त्यानं तर काही परत केलं नाही, परत करण्यासारखं नव्हतंच. येशूला तीनदा नाकारलं, बाहेर जाऊन रडला, आणि पुढं तळ्याच्या काठावर येशू आहे हे कळताच होडीतून पाण्यात उडी टाकून त्याच्याकडं गेला. म्हणून पैसे दिल्यावर परत खोलीत यायचं, दार लावायचं, आणि येशूकडं रिकाम्या हातानं जायचं. क्षमा वधस्तंभावर मिळालेली आहे, माझ्या दोनशे चाळीस रुपयांनी नाही.

बापाचा पैसा उडवून घरी परतणाऱ्या उधळ्या पुत्राची येशूनं सांगितलेली गोष्ट आपल्याला पाठ असते, पण एक बारीक गोष्ट मला पन्नाशीनंतर दिसली. डुकरं राखत असताना तो घरी बोलायचं वाक्य तयार करतो: बापा, मी पाप केलंय, तुझा मुलगा म्हणवायला मी लायक नाही, मला एका मजुरासारखं ठेव. घरी आल्यावर तो ते म्हणू लागतो, पण मजुराचा भाग येतच नाही. तो तोंडातून निघायच्या आत बाप झगा आणा म्हणून ओरडलेला असतो. आपल्याला मजूर व्हायला आवडतं. मजुराला हिशेब असतो, फेडता येतं, शनिवारी हजेरी घेऊन ताठ मानेनं जाता येतं. मुलगा म्हणून पंगतीत बसायला जास्त नमावं लागतं. माझ्यासारख्या व्यापाऱ्याला तर फारच, कारण फुकटचं घ्यायचं म्हणजे आयुष्यभर ज्यात हुशारी दाखवली ती वस्तूच बाजूला ठेवायची.

क्षमा मिळाल्याची खूण काय, असं तो पोरगा विचारेल. झोप लागते, हे खरं. पण पंधरा दिवसांनी पुन्हा लागेनाशी होते, मग घाबरू नका. पुन्हा मूठ धरा, पुन्हा उचला. रोज रात्री पाच मिनिटं पुरतात. माझे तीन प्रश्न ठरलेले आहेत: आज कुणाचं घेतलं, आज कुणासमोर मोठा झालो, आज कुणाला उत्तर देताना 'पण' म्हणालो. तिसऱ्यावर रोज काहीतरी सापडतं.

ईस्टर त्या वर्षी ३१ मार्चला होता. दुसऱ्या दिवशी सोमवार. बाजार दुष्काळानं निम्माच भरलेला. तीच म्हातारी तीळ घेऊन आली, पायलीभर असतील. मी पिशवी घ्यायला हात पुढं केला तर तिनं पिशवी मागं ओढली.

"आधी रिकामी उचल," ती म्हणाली.

आजूबाजूच्या दोन-तीन बाया बघायला लागल्या. मी तागडी उचलली. काटा थोडा हलला, मग मधोमध थांबला. "हं," म्हणाली, आणि पिशवी उपडी केली. त्यानंतर बाजार सोडेपर्यंत मी दर गिऱ्हाइकाला आधी रिकामी उचलून दाखवत होतो. काही जण हसायचे. एक-दोन शेजारचे व्यापारी चिडायचे, त्यांचं बरोबर होतं.

एकतीसपैकी तीस नावांवर मी वहीत रेघ मारलीय. एक राहिलंय. माझ्याच नात्यातला माणूस आहे, आणि त्यानंही मला फसवलेलं आहे, माझ्यापेक्षा जास्त. ते मनात आलं की पाय निघत नाही. त्या पोराला हे लिहून देताना पुन्हा ते नाव समोर आलं. त्याचा हिशेब तीनशे साठ होतो, चौपट धरला तर बाराशे. त्याच्या गावचा बाजार गुरुवारी असतो.